पगार किती असला म्हणजे मोठी गाडी आणि परदेशवारी परवडते? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी हिशेब

घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीत पार्किंगकडे बघून कोणाचा पगार किती हे ओळखायला जाऊ नये. एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या दोन एसयूव्ही शेजारी शेजारी उभ्या असतात. एकाचं घरकर्ज फिटलेलं असतं, दुसऱ्याचा गाडीचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचं बिल एकाच आठवड्यात येऊन आदळतं. म्हणून ‘दोन लाख पगार आहे, कोणती गाडी घेऊ?’ या प्रश्नाला नुसत्या पगारावरून उत्तर देता येत नाही. घर चालवून, हप्ते भरून, गुंतवणूक बाजूला काढून महिनाअखेर किती उरतं, तो आकडा लागतो. तो कसा काढायचा, गाडीचा आणि सहलीचा खरा खर्च किती धरायचा आणि त्यावरून किती पगार लागेल, हे खाली ओळीने दिलं आहे. कागद, पेन्सिल आणि मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट घेऊन बसा.

पॅकेजचा आकडा बाजूला ठेवा

२४ लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला दोन लाख, हा पहिला घोटाळा. समजा बेसिक पगार पॅकेजच्या निम्मा आहे, पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो आणि १० टक्के रक्कम व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारी) आहे. मग २४ लाखांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १ लाख ४४ हजार, ग्रॅच्युइटी साधारण ५८ हजार आणि व्हेरिएबल २ लाख ४० हजार आधीच वेगळे होतात. उरलेल्या १९ लाख ५८ हजारांतून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १ लाख ४४ हजार, नव्या करप्रणालीच्या २०२५-२६ च्या दरांनी प्राप्तिकर सुमारे १ लाख ८४ हजार आणि व्यवसाय कर अडीच हजार. खात्यात जमा होतात महिन्याला १ लाख ३५ हजारांच्या आसपास. दोन लाख धरून गाडी बुक केली, तर ६५ हजारांची तूट पहिल्याच दिवशी.

म्हणून स्टेटमेंटवरच्या बारा पगारांची बेरीज करा, बोनस वगळा आणि बाराने भागा. नवरा-बायको दोघं कमावत असतील तर दोघांचं करा. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत एकाची नोकरी थांबण्याची शक्यता असेल (बाळंतपण, आईवडिलांचं आजारपण, शिक्षणासाठी रजा), तर मोठा हप्ता एकाच पगारावर बसवा. धंदा असेल तर मागच्या तीन वर्षांच्या विवरणपत्रांतलं सर्वांत वाईट वर्ष धरा. सरासरी धरू नका, कारण बँक हप्ता सरासरीने घेत नाही.

शिल्लक काढणं

नमुना म्हणून कासारवडवलीतलं एक चौकोनी कुटुंब घेऊ. दोघं नोकरी करतात, हातात येतात २ लाख १० हजार. आकडे गृहीत धरलेले आहेत. तुमचे घालून बघा.

घरकर्ज ६० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं: हप्ता ५२,०००. सोसायटीचा मेंटेनन्स ५,५००. दोन मुलांची शाळा, क्लास आणि व्हॅन मिळून, वर्षाचे बाराने भागून, २२,०००. किराणा, दूध, भाजी, कामवाल्या मावशी आणि महिन्यातून दोनतीनदा बाहेरचं जेवण ३२,०००. आईवडिलांना १०,०००. टर्म आणि आरोग्य विमा ६,०००. वीज, गॅस, मोबाइल, इंटरनेट ६,५००. लोकलचे पास आणि रिक्षा ५,०००. कपडे, औषधं, गणपती-दिवाळी, लग्नांचे आहेर १२,०००. झाले १ लाख ५१ हजार. यात निवृत्ती आणि मुलांच्या शिक्षणासाठी हातातल्या पगाराच्या २० टक्के म्हणजे ४२,००० ची एसआयपी मिळवली की १ लाख ९३ हजार.

उरले १७,०००.

दोन लाखांच्या वर पगार आणि शिल्लक सतरा हजार, हे वाचून कोणी चिडेल. पण ठाण्यात आणि नवी मुंबईत घराचा हप्ता चालू असलेल्या अनेक घरांत हिशेब असाच येतो. इथे लोक एसआयपीची ओळ खोडून शिल्लक वाढवतात. ती खोडायची नाही. खोडायचीच असेल तर निदान उघडपणे म्हणा, की ही गाडी म्हाताऱ्या वयातल्या पैशांतून घेतोय.

शिल्लक काढण्याआधी तीन गोष्टी झालेल्या हव्यात. सहा महिन्यांचा खर्च एफडी किंवा लिक्विड फंडात, कंपनीच्या पॉलिसीखेरीज स्वतःचा आरोग्य विमा, आणि क्रेडिट कार्डावर एकही रुपया पुढे ढकललेला नको. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. ते चालू असताना गाडीच्या कर्जाचा दर ८.९ की ९.१ यावर घासाघीस करण्यात काही हशील नाही.

गाडी महिन्याला किती खाते

शोरूममधला मुलगा तुम्हाला हप्ता सांगतो. हप्ता हा खर्चाचा जेमतेम निम्मा भाग.

९ लाख ५० हजार एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी घ्या. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के रोड टॅक्स आहे. डिझेलला हेच १३, १४, १५. म्हणजे इथे टॅक्स १ लाख ४ हजार ५००. विमा ४५ हजार धरा; नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो, म्हणून पहिल्या वर्षी आकडा फुगलेला दिसतो. नोंदणी, नंबर प्लेट, फास्टॅग मिळून ऑन-रोड ११ लाख. ‘हँडलिंग चार्ज’ नावाची ओळ कोटेशनवर दिसली तर ती काढायला सांगा.

चार लाख स्वतःचे आणि सात लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं: हप्ता १४,५३०. पाच वर्षांनी गाडी पाच लाखांना गेली असं धरू. आता महिन्याचा खरा खर्च असा: किमतीतली घट १०,०००, व्याज २,८६०, दुसऱ्या वर्षापासूनचा विमा १,६७०, सर्व्हिसिंग १,०००, टायर-बॅटरीसाठी ५००. महिन्याला ९०० किलोमीटर आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला १२ किलोमीटर धरून ७५ लिटर पेट्रोल, १०४ रुपये दराने ७,८००. गाडी पुसणारा, सोसायटीचं पार्किंग, बाहेरचं पे-अँड-पार्क, टोल मिळून २,७००. एकूण २६,५००. कंपनी सांगते ते २० किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज माजिवड्याच्या सिग्नलला मिळत नाही, म्हणून १२ धरलं.

खात्यातून प्रत्यक्ष जाणारे पैसे पहिली पाच वर्षं थोडे जास्त, साधारण २८,०००, कारण हप्त्यात मुद्दलही असते.

वरच्या कुटुंबाला ही गाडी परवडते का? टक्केवारीने बघितलं तर सहज: २६,५०० म्हणजे पगाराच्या पावणेतेरा टक्क्यांच्याही आत. आमचा ढोबळ नियम असा, की घरकर्ज चालू असेल तर गाडीचा एकूण मासिक खर्च हातातल्या पगाराच्या १५ टक्क्यांच्या आत, घरकर्ज नसेल तर २० टक्क्यांच्या आत. पण शिल्लक १७,००० आणि खर्च २८,०००. म्हणजे महिन्याला ११ हजारांचा खड्डा. टक्केवारी आणि शिल्लक यांचं भांडण झालं की शिल्लक म्हणेल तेच खरं.

त्याच पैशांत काय बसतं? चारेक वर्षं वापरलेली पाच लाखांची गाडी: तीन लाख रोख, दोन लाखांचं तीन वर्षांचं कर्ज (जुन्या गाडीला व्याज जास्त, १२ टक्के धरा, हप्ता ६,६४०). महिन्याला ५०० किलोमीटर चालवली तर पेट्रोल ४,३३०, विमा १,०००, दुरुस्ती-टायर २,१७०, पार्किंग वगैरे २,०००. बेरीज १६,१००. सतराच्या आत, पण काठावर. नव्या गाडीची सर्वांत जोराची घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. विम्याच्या तक्त्यातही एक वर्षाच्या गाडीची किंमत १५ टक्के आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के कापतात.

जुनी गाडी घेताना नोंदणीचे कागद आणि चलान एम-परिवहन अ‍ॅपवर तपासा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, की चौदा दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घ्या. विक्रेता ‘५० टक्के नो क्लेम बोनस आहे’ म्हणाला तर त्याचे पैसे देऊ नका. तो बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही.

रिक्षा-टॅक्सीशी तुलना करून बघाच

नव्या गाडीच्या २६,५०० मधून पेट्रोल वगळलं तर १८,७०० उरतात, आणि ते गाडी जागेवर उभी राहिली तरी जातात. ठाण्यात हे वारंवार घडतं. ऑफिस बीकेसी किंवा फोर्टला, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार लोकल. ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कला असेल तर ट्रान्स-हार्बर. गाडी निघते ती शनिवारी संध्याकाळी मॉलला आणि महिन्यातून एकदा डोंबिवलीला मावशीकडे. असा वापर महिन्याला ४०० किलोमीटर झाला तर स्वतःच्या गाडीचा किलोमीटर ५५ रुपयांना पडतो. अ‍ॅपवरची टॅक्सी किलोमीटरला २२ रुपये धरली, तर दोन्ही खर्च समान व्हायला महिन्याला १,४०० किलोमीटर लागतात. तेवढं तुम्ही फिरत नसाल तर गाडी ही सोय आहे, हौस आहे, पावसात भिजायचं नाही म्हणून आहे. त्यात गैर काही नाही. फक्त ‘गाडीने पैसे वाचतात’ हे वाक्य हिशेबात नको.

इलेक्ट्रिक घेऊन पैसे वाचतील का, तेही याच आकड्यात दिसतं. ४०० किलोमीटरचं पेट्रोल महिन्याला ३,५०० च्या आत. इलेक्ट्रिक मॉडेल तीन लाखांनी महाग असेल तर वीज फुकट मिळाली तरी फरक भरून यायला सात वर्षं लागतील. हजार-बाराशे किलोमीटर चालणाऱ्यांचं गणित वेगळं. बुकिंगआधी सोसायटीकडून चार्जिंग पॉइंटची लेखी परवानगी मात्र घ्या.

टोलचा भाग माणसागणिक बदलतो. मुलुंड, ऐरोली, वाशी, दहिसर या मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल नाही, त्यामुळे ठाणेकरांची ती ओळ गेली. पण उलवे किंवा पनवेलहून रोज अटल सेतूने जायचं ठरवलं, तर २५० रुपये एकेरी आणि ३७५ दुहेरी या दराने २२ दिवसांचे ८,२५० रुपये फक्त टोलचे. महामार्गांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांत सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास इथे चालत नाही, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरही नाही. तो राष्ट्रीय महामार्गांपुरताच आहे.

कर्जाची मुदत: सात वर्षांचा सापळा

आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १६,६०० आणि एकूण व्याज १ लाख ९६ हजार. सात वर्षांसाठी हप्ता १२,८७० आणि व्याज २ लाख ८१ हजार. ८५ हजार जास्त गेले, हे दुखणं छोटं. मोठं दुखणं मधेच गाडी विकायची वेळ आली तर कळतं. ११ लाखांच्या गाडीवर १० लाखांचं सात वर्षांचं कर्ज असेल तर तीन वर्षांनी अजून जवळजवळ साडेसहा लाख फेडायचे असतात, आणि बाजारात गाडीला साधारण तेवढेच मिळतात. तीन वर्षं सोळा-सोळा हजार भरून हातात शून्य. नोकरी गेली म्हणून गाडी विकणाऱ्याला नेमकं हेच आडवं येतं.

म्हणून: निदान एक तृतीयांश रक्कम स्वतःची, मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. पाच वर्षांच्या हप्त्याला जी गाडी बसत नाही ती बसत नाही. दर फिक्स्ड असेल तर मुदतीआधी कर्ज फेडण्यावर किती दंड आहे, ते मंजुरीपत्रात वाचून घ्या.

दसरा-पाडव्याला डिलिव्हरी हवी असेल तर सूट फारशी मिळत नाही. डिसेंबरअखेर मिळते, पण गाडीवर जुन्या वर्षाचं उत्पादन लागतं आणि विकताना ते एक वर्ष मोजलं जातं. पाच-सहा वर्षांत विकणाऱ्याने मोठी सूट मिळाली तरच डिसेंबरची गाडी घ्यावी, दहा वर्षं वापरणाऱ्याने डोळे मिटून घ्यावी. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर) भरावा लागतो, तो विवरणपत्रात वळता होतो. खर्चात धरू नका, पण त्या दिवशी खात्यात हवा.

विमा डीलरकडून घेण्याआधी बाहेरचे दोन कोट मागवा. झीरो डेप्रिसिएशन (दाव्यात सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर) पाच वर्षं ठेवा. तळघरात गाडी उभी असेल किंवा जुलैत पाणी भरणाऱ्या रस्त्याने जायचं असेल, तर इंजिन प्रोटेक्टही घ्या. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारायचा नाही. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट नसेल तर विमा कंपनी त्याला अपघात न मानता तुमचा निष्काळजीपणा मानते. ढकलून बाजूला घ्या, बॅटरीची तार काढा, फ्लॅटबेड बोलवा.

पार्किंगची चौकशी बुकिंगच्या आधी. वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको इमारतींत जागाच नाही, आणि नव्या सोसायट्यांत दुसऱ्या गाडीला भाडं सर्वसाधारण सभा ठरवेल तितकं.

सहलींचं बजेट

गाडीचा खर्च दर महिन्याला ठरलेला. सहल यंदा छोटी, पुढच्या वर्षी मोठी करता येते. म्हणून पैसे कमी असतील तेव्हा आधी सहल आकसा, मुलांची हौस मारून गाडी मोठी करू नका. हे मत झालं, पण दहा वर्षांनी पोरांना गाडीची ट्रिम आठवत नाही.

मर्यादा: घरकर्ज चालू असताना वर्षाच्या सगळ्या सहली मिळून एका महिन्याचा हातातला पगार किंवा करानंतरच्या बोनसचा निम्मा भाग, यांतलं जे कमी असेल ते. त्यासाठी वेगळं आरडी काढा आणि आरडीत जमलेल्या पैशांनीच बुकिंग करा. आधी फिरून नंतर हप्ते भरायचे, ही उलटी गंगा.

कोकणातला एक नमुना: ठाण्याहून तारकर्ली, चौघं, पाच दिवस, आपली गाडी. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं मिळून ११०० किलोमीटर, लिटरला १५ ने साडेसात हजारांचं पेट्रोल. चार रात्री फॅमिली रूम ४,५०० प्रमाणे १८,०००. जेवण माणशी दिवसाला ८०० ने १६,०००. सुरमई-पापलेट रोज मागवलं तर यात भागणार नाही. बोट, स्नॉर्केलिंग, काजू-कोकमची खरेदी ६,०००. एकूण ४८ हजारांच्या आत-बाहेर. रेल्वेने जायचं तर मांडवी, कोकणकन्या, तुतारी या गाड्या ठाणे आणि पनवेल दोन्हीकडे थांबतात. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. मे महिन्याच्या आणि गणपतीच्या तारखांना आठ वाजून पाच मिनिटांनी वेटिंग लागलेलं असतं, तेव्हा तारीख मोजून अलार्म लावा.

परदेशाच्या पॅकेजवर छापलेल्या आकड्याला सव्वाने गुणा. साडेसहा लाख लिहिलं असेल तर आठ लाखांच्या वर जातात. छापील आकड्यात सहसा नसतं ते असं: पाच टक्के जीएसटी, व्हिसा, दुपारची जेवणं, टिप, ‘ऑप्शनल’ म्हणून ठेवलेली पण सगळे जातात ती ठिकाणं, विमानतळापर्यंतची टॅक्सी, खरेदी. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, अर्जकेंद्राचे पैसे वेगळे. व्हिसा नाकारला तरी फी परत येत नाही. प्रवास विमा निदान ३०,००० युरोंचा लागतो. पॅकेजचा काही भाग युरोत लिहिलेला असेल तर भरायच्या दिवशीच्या दराने रुपये द्यावे लागतात. बुकिंगनंतर रुपया घसरला तर फरक तुमचा.

परदेशी पॅकेजवर टीसीएसही कापतात. दर अर्थसंकल्पानुसार बदलत राहिले आहेत, तेव्हा बुकिंगच्या दिवशीचा विचारा. पैसे बुडत नाहीत, पगारदाराला कंपनीला कळवून टीडीएसमध्ये वळते करता येतात. पण ज्याच्या पॅनवर पॅकेज, त्याच्याच खात्यात ते दिसतात. निवृत्त वडिलांच्या पॅनवर बुकिंग केलं आणि ते विवरणपत्र भरत नसतील तर रक्कम तिथेच अडकते. ज्याचा कर कापला जातो त्याच्याच पॅनवर बुक करा.

एलटीएची (पगारातल्या रजा-प्रवास भत्त्याची) सवलत जुन्या करप्रणालीतच आहे, भारतातल्या प्रवासभाड्यापुरती, चार वर्षांच्या गटात दोनदा. सध्याचा गट २०२६ ते २०२९. हॉटेल आणि जेवण त्यात येत नाही.

मग पगार किती हवा?

कासारवडवलीच्या त्याच कुटुंबाकडे परत येऊ. बाकी खर्च तोच ठेवायचा आणि वाढलेल्या पगाराचेही २० टक्के गुंतवायचे, या अटीवर. सहलींची वरची मर्यादा इथे लावलेली नाही, फक्त शिल्लक बघितली आहे.

११ लाखांची नवी गाडी (महिन्याला २८,०००) आणि वर्षाला तीन लाखांच्या सहली (महिन्याला २५,०००) म्हणजे ५३,०००. आहेत १७,०००, कमी पडतात ३६,०००. त्यासाठी पगार ४५ हजारांनी वाढायला हवा. म्हणजे हातात २ लाख ५५ हजार.

२४ लाख ऑन-रोडची डिझेल एसयूव्ही, १६ लाखांच्या कर्जासह: हप्ता ३३,२००, डिझेल, विमा, देखभाल धरून महिन्याला ४९,५००. दरवर्षी आठ लाखांची परदेशवारी: ६७,०००. दोन्ही हवं असेल तर हातात ३ लाख ३५ हजार, आणि तेही दर महिन्याला, बोनस न धरता.

पण त्याच कुटुंबाचं घरकर्ज फिटलेलं असेल तर? २ लाख १० हजारांतच शिल्लक ६९,००० होते आणि ५३ हजारांचा पहिला पर्याय एकही रुपया पगार न वाढता बसतो. घराचा हप्ता संपायला तीन-चार वर्षं राहिली असतील तर जुनी गाडी तेवढी ओढणं हे पगारवाढीपेक्षा जास्त कामाला येतं.

उलटा धक्का बसतो बांधकाम चालू असलेल्या घरात. उलवे, तळोजा, घोडबंदर पट्ट्यात फ्लॅट घेतलेला असतो, प्री-ईएमआय (ताब्यापर्यंतचं नुसतं व्याज) किरकोळ जात असतो, शिल्लक भरपूर दिसते आणि गाडी येते. मग ताबा मिळतो. पूर्ण हप्ता सुरू, एक-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ, फर्निचर, वायरिंग, मोड्युलर किचन, आणि दोन-तीन महिने जुन्या घराचं भाडंही चालूच. ताबा दोन वर्षांच्या आत असेल तर शिल्लक ताब्यानंतरच्या हप्त्याने काढा, आजच्या नाही.

बुकिंगआधी सहा महिने

ठरवलेल्या गाडीचा आणि सहलीचा मासिक आकडा पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप आरडीत जाईल अशी सूचना बँकेला द्या. आकडा पूर्ण, म्हणजे नुसत्या गाडीचे २८,००० तर २८,०००. यात एक महिना शाळेच्या फीचा आणि एक सणाचा आला पाहिजे, म्हणून जून ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. एकदाही आरडी मोडावी लागली, एसआयपी थांबवावी लागली किंवा कार्डाचं बिल पूर्ण भरता आलं नाही, तर एक वर्ग खालची गाडी बघा आणि नव्या आकड्याने पुन्हा सहा महिने मोजा. काही न मोडता निभावलं तर व्याज सोडून १ लाख ६८ हजार जमलेले असतील. ते डाउन पेमेंटमध्ये घाला. कर्ज सात लाखांऐवजी ५ लाख ३२ हजार होतं आणि हप्ता १४,५३० वरून ११,०५० च्या आत येतो.